गोविंदाने चालू केलेली मोटारसायकल

कोलशेतच्या गोविंदाला अक्षरओळख नव्हती, पण इंजिनाची होती. लढाईच्या दिवसांत कल्याणच्या लष्करी कॅम्पात तो चार वर्षं मोटारींच्या दुरुस्तीवर राबला. कॅम्प उठला आणि हा गडी पुन्हा मिठागरात आला. त्रेपन्न साली गावाशेजारी कारखाना उभा राहू लागला, तेव्हा फिटर व्हायचं त्याच्या मनाने घेतलं. गेटावरच्या कारकुनाने विचारलं, चार वर्षांचा कागद कुठाय? कागद नव्हता.

माझे काका त्र्यंबकराव ठाण्यातले वकील. हौसेला मोल नसतं म्हणतात. त्यांनी लष्करी लिलावात मोटारसायकल घेतली, दोनदा फिरवली, एकदा आपटले, आणि ती परसात टाकली. सहा वर्षं तिच्यावर सुमतीकाकूंची पायपुसणी वाळत होती. गोविंदा मिठाची गोण घेऊन आला, तो गोण उतरवून तिच्यापुढे उकिडवाच बसला.

काका म्हणाले, "चालू करून दाखव. कारखान्याचे इंजिनियर माझे स्नेही आहेत. तुला चिठ्ठी देतो."

मग दर रविवारी गोविंदा कोलशेतहून चालत येई. पिस्टन गंजून अडकला होता. त्याने प्लगच्या भोकातून रॉकेल ओतलं आणि तीन आठवडे नुसता धीर धरला. पिस्टन सुटला त्या दिवशी तो लहान पोरासारखा हसला. सायलेन्सरमधून कुंभारमाशीची मातीची घरटी निघाली. कार्ब्युरेटर त्याने काकूंच्या फुटक्या ताटलीत धुतला. चहा त्याला मागच्या पायरीवर मिळे, कान तुटलेल्या कपात. मी बी.ए. होऊन काकांकडे जेवत होतो, आणि त्याला स्पॅनर देणं एवढंच माझं कर्तृत्व. माझ्याही नोकरीचा शब्द काकांनी त्याच इंजिनियरांकडे टाकला होता.

दसऱ्याला इंजिनियर जेवायला आले. त्यांच्यादेखत गोविंदाने किक मारली, गाडी धडधडली, आणि तो जवळच्या तळ्याला वळसा घालून परत आला. इंजिनियर म्हणाले, "वा! असा माणूस मला हवाच आहे." आणि पान वाढलं म्हणून आत गेले.

काका झेंडूचा हार आणि नारळ घेऊन आले. नारळ त्यांनी दगडावर फोडला आणि पाणी इंजिनावर ओतायला वाकले.

"थांबा वकीलसायेब," गोविंदा पुढे झाला, "इंजिन तापलंय. थंड होऊ द्या जरा."

"मुहूर्त काय तुझ्यासाठी थांबणार? बाजूला हो."

पिंडीवर धार धरावी तसं त्यांनी पाणी सोडलं. चर्र झालं, आणि पाठोपाठ टक्कन आवाज आला. सिलिंडरला उभी भेग गेली होती. गोविंदाने पुन्हा किक मारली. भेगेतून नुसती हवा फुसफुसली.

इंजिनियर हात पुसत बाहेर आले. "काय झालं?"

"काय होणार?" काका म्हणाले. "अडाण्याच्या हाती यंत्र दिलं! बोल्ट आवळून सिलिंडर फोडला."

गोविंदाने माझ्याकडे पाहिलं. पाणी ओतलं तेव्हा आम्हा तिघांखेरीज तिथे कुणीच नव्हतं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी मूग गिळून बसलो. भीतीने नव्हे; हिशेबाने. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि साक्षीदार आत जाऊन श्रीखंड खातो. मी खाल्लं. दोनदा वाढून घेतलं.

चिठ्ठी मला मिळाली. महिन्याभराने मी स्टोअरचा कारकून म्हणून हजर झालो. पहिल्याच दिवशी फाटकात गोविंदा दिसला, बांधकामावरच्या बिगाऱ्यांच्या रांगेत. डोक्यावर सिमेंटची गोण होती. पाठीला घामाने सिमेंट चिकटलं होतं. मी वाटेत उभा राहिलो.

"गोविंदा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं रे."

तो थांबला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"तवाच बोलाचा व्हता," तो म्हणाला. "आता डोईवर गोन हाय. सरका."

मी सरकलो.