इंजिनातलं जाड तेल

मिस्त्रींनी नाकावर माशी कधी बसू दिली नाही. इंजिन बांधून झाल्यावर कुणी म्हणालं, जरा जाड तेल घाला, प्रेशर बरं राहतं, की त्याची हजेरी घेतलीच म्हणून समजा. नव्या बांधलेल्या इंजिनात कंपनीच्या पुस्तकातलंच तेल जाणार. गार इंजिन सुरू केल्यावर जाड तेल बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि तेवढ्यात धातू धातूला घासतो, हे मी त्यांच्या तोंडून निदान शंभरदा ऐकलं असेल. मी समोरचा ऑइल-फिल्टरवाला. तीस वर्षं आमचा दुपारचा चहा एकत्र.

बायको गेल्यापासून त्यांना गॅरेजशिवाय दुसरं काही नव्हतं. सोबतीला धाकटा भाऊ. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणाऱ्या बाईंचं इंजिन दोघांनी चार महिन्यांपूर्वी बांधून दिलं होतं. पाच वर्षं बॉनेट उघडू नका, असा मिस्त्रींनी शब्द दिला होता. आणि परवा तीच व्हॅन दोरीने ओढत आणावी लागली. बाईंनी परगावी तेल बदललं होतं आणि तेव्हापासून तेलाचा लाल दिवा लागत होता.

मिस्त्री हसले. दिव्यावर विश्वास ठेवायचा नसतो म्हणाले. दिव्याचा सेन्सर काढून त्या जागी त्यांनी आपलं गेज लावलं. इंजिन गार असताना काटा छान वर. तापल्यावर मात्र रेस न देता इंजिन नुसतं चालू ठेवलं की काटा खाली, अगदी तळाला. मग फिल्टर बदलला, पंप उघडला, पंपाची स्प्रिंग तपासली. सगळं ठीक. शेवटी तेल काढून बोटांवर चोळलं. त्यात खोट नव्हती, बाईंनी पुस्तकाप्रमाणेच तेल घातलं होतं.

"मी दिलं तेव्हा हेच तेल होतं," मिस्त्री म्हणाले. "आणि काटा वर होता."

धाकटा हात पुसत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "तेव्हा हे नव्हतं, दादा. मी जाड घातलं होतं."

आता माझंही सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. दोन वर्षं धाकटा ते तेल माझ्याकडूनच नेत होता, पुस्तकातल्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत ओतून. दादाला हल्ली नीट दिसत नाही, बेअरिंगच्या फटी सैल राहतात, जाड तेलाने निभावतं, असं त्याने मला सांगितलं होतं आणि गप्प राहायला लावलं होतं. मी राहिलो. वर रोज त्यांच्याबरोबर चहा पीत राहिलो. याला मैत्री म्हणणाऱ्याच्या कानाखाली वाजवली पाहिजे.

मिस्त्रींनी विचारलं, तेल कुठून आणायचास. धाकट्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. तेवढं पुरलं.

"किती इंजिनं?"

"अकरा."

"आणि मी अकरा जणांना शब्द देत सुटलो."

धाकटा रडवेला झाला. सांगितलं असतं तर तू घरी बसला असतास, म्हणाला, आणि घरी बसला असतास तर खचला असतास. त्यात खोटं काही नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "ते मी ठरवलं असतं. तुम्ही दोघांनी मिळून मला माझ्याच गॅरेजात बाहुला करून ठेवलंत." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी शिव्या घातल्या की दुसऱ्या दिवशी चहा असायचा.

मग ते व्हॅनखालच्या खड्ड्यात उतरले. बेअरिंगच्या फटीत मेणासारखा बारीक धागा ठेवायचा, बोल्ट आवळायचे, पुन्हा उघडायचं आणि चपट्या झालेल्या धाग्याची रुंदी छापील पट्टीशी ताडायची. धागा कमी पसरला तर फट जास्त. बाकी सगळं त्यांनी चाचपत, पण बिनचूक केलं. बेअरिंगची टोपी टेबलावर ठेवली, पट्टी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग आयुष्यात पहिल्यांदा ती धाकट्याच्या हातात दिली.

धाकट्याने आकडा वाचला. फट हवी त्याच्या दुपटीहून थोडी जास्त होती.

मिस्त्रींनी त्याच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "खरंच एवढी आहे, की तिप्पट आहे आणि मला बरं वाटावं म्हणून कमी सांगतोयस?"

मी शेजारीच उभा होतो, डोळ्यांवर चष्मा होता. मी पट्टीसाठी हात पुढे केला. मिस्त्रींनी ती धाकट्याकडून काढून घेतली आणि बाहेर बाकावर बसलेल्या व्हॅनवाल्या बाईंना आत बोलावलं. बाईंनी जन्मात बेअरिंग पाहिलं नव्हतं. मिस्त्री त्यांना रेघा कशा वाचायच्या ते शिकवायला लागले.