गिअरचा अर्धा फेरा

गाडीखाली इतकं आणि गाडीत इतकं थोडं आयुष्य काढलेला माणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात माझ्या सासऱ्यांवाचून दुसरा झाला नाही. लढाई संपली तेव्हा बाकीचे जवान ट्रंका आणि कांबळी घेऊन घरी आले. यांनी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी, बिनछपराची शर्यतीची गाडी आणली. फौजेत मोटारी दुरुस्त करणारे हवालदार होते, त्यामुळे गाडीतलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा दावा होता आणि तो खराही होता. पण या गाडीचा गिअरचा दांडा चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला, चक्क दाराबाहेर होता. तिथून एक लांब सळई गाडीच्या पोटाखालून गिअरपेटीपर्यंत जायची आणि तिच्या टोकाला आटे होते. सळई अर्धा फेरा आत गेली की तिसरा गिअर पडत नसे. अर्धा फेरा बाहेर आली की पहिल्याऐवजी उलटा पडे. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी मोक्ष आहे अशी सासऱ्यांची श्रद्धा होती. साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर ती गाडी उभी राहिली की टांगेवाले आधी तिच्या मागची जागा रिकामी करत.

सळई जागेवर घट्ट धरणारा तिच्यामागचा नट गाठायला बारीक मनगट लागायचं आणि सासऱ्यांचं मनगट मुसळासारखं. त्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येकाचे हात ते आधी न्याहाळत. सत्यनारायणाला आलेल्या भटजींना त्यांनी सोवळ्यासकट गाडीखाली घातलं होतं, असं सासूबाई सांगायच्या. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी ना पगार विचारला, ना शेती. सांगलीच्या शाळेत मी गणित शिकवतो हे मी सविस्तर सांगत होतो आणि ते माझ्या हातांकडे बघत होते. मग आत जाऊन सासूबाईंना म्हणाले, "मनगट बारीक हाय. पोरगं कामाचं हाय." एवढ्यावर लग्न ठरलं.

पहिल्या दिवाळसणाला मी नवा कोट शिवून गेलो होतो. जावई म्हणून कुठे रुसायचं, किती वेळ रुसायचं, सगळं ठरवून गेलो होतो. पहिली आंघोळ झाली, पाट मांडला, भोवती रांगोळी निघाली आणि सासरे म्हणाले, "पाव्हणं, त्यो पाट घ्या आन् जरा भाईर चला. भुई लय गार हाय, पाठीला बरा पडंल." ज्या पाटावर मी बसायचं, तो पाठीखाली घेऊन मी गाडीखाली गेलो. सासूबाई ओवाळायला ताम्हण घेऊन आल्या तेव्हा माझे फक्त पाय बाहेर होते.

"आवं, तोंड तरी भाईर काढू द्या त्येंचं."

"तोंडाचं काय काम हाय? हात आतच असू दे."

त्या माउलीनं माझ्या पायांनाच ओवाळलं. मी तिथल्या तिथे रुसलो, पण गाडीखाली रुसलेला जावई कुणाला दिसत नाही.

भाऊबीज झाली. सोमवारी शाळा उघडत होती आणि माझी नोकरी अजून कच्ची होती. वेळेवर हजर नसाल तर कायम होण्याचं विसरा, असं हेडमास्तरांनी निघताना बजावलं होतं. आम्ही दोघं आगगाडीनं जातो म्हटलं, तर सासरे दुखावले. "दारात गाडी हाय आन् माजी लेक आगगाडीत धक्के खात जाणार व्हय? मी सोडतो की सांगलीला." शनिवारी सकाळी निघालो आणि नाक्यावरून परत आलो, कारण तिसरा पडेना. मी गाडीखाली शिरून सळई बसवली, नट आवळला. दुपारी पुन्हा निघालो तो उलटा पडून शेजाऱ्यांच्या कुंपणात गेलो. पुन्हा नट आवळला. तो मी असा आवळला होता की हत्तीनं ओढला तरी सुटू नये.

रविवारी सकाळी तोंड धुवायला अंगणात आलो, तर सासरे गाडीखाली. ते मुसळासारखं मनगट कसंबसं आत घातलेलं, चांगलं सोलवटून रक्त आलेलं. पण त्यांनी नट गाठला होता. आणि ते तो आवळत नव्हते, सैल करत होते.

मी शेजारी उकिडवा बसलो. मला पाहून त्यांनी पाना खाली ठेवला.

"पाव्हणं," ते पडल्यापडल्याच म्हणाले, "मी फौजेत गेलो तवा पोरगी फराकात व्हती. आलो तर तिचं लगीन ठरवायची येळ झाल्याली. दोन दिस ऱ्हाऊ द्या की."

मला राग यायला हवा होता. मी रागीट माणूस आहे, शाळेतली मुलं साक्षीला आहेत. पण मी त्यांना म्हटलं, "मामा, हात काढा, मी करतो," आणि उरलेला अर्धा फेरा मीच सैल केला. मग तारऑफिसात जाऊन हेडमास्तरांना तार ठोकली: गाडी नादुरुस्त, बुधवारी येतो. त्यांनी माझं कायम होणं वर्षभर लांबवलं. त्यामागचं खरं कारण मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

बुधवारी सासऱ्यांनी आम्हाला सांगलीला सोडलं. वाटेत एकदाही गिअर अडला नाही.

सासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा माझ्या लेकीला न्यायला आमचे जावई आले होते. रविवारपर्यंत राहा, असं मी त्यांना चारदा म्हणालो. त्यांना रजा नव्हती. सांगलीच्या स्टँडवर उभा असताना मला सासऱ्यांची फार आठवण आली. एस.टी., कधी नव्हे ती, अगदी वेळेवर सुटली.