माझा वेगळा कप

उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात एका बराकीत दवाखाना होता. तिथल्या सिंधी डॉक्टरांनी माझा एक्सरे, म्हणजे छातीच्या आतला फोटो, खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाले, "बहन, टीबी है। दवाई है, घबराना नहीं। पर बर्तन अलग, बिस्तर अलग। बच्ची को पास मत लेना।"

टीबी म्हणजे क्षय. तेव्हा त्याचं नावही कोणी मोठ्यानं घेत नसे. अंबरनाथला परतताना टांग्यात हे, माझे यजमान, शेजारी बसले होते, पण मी तोंडावर पदर धरून दुसरीकडेच बघत राहिले. वाटलं, संपलं सगळं.

लवकरच सासूबाई नगरहून आल्या आणि माझ्या लेकीला घेऊन गेल्या. दारातून ती माझ्याकडे हात करून रडत होती आणि मला तिला घेता येत नव्हतं. ज्या आईवर ही वेळ आली असेल तिला जास्त सांगायला नको.

भांडी वेगळी काढायची होती. एका कपाचा कान तुटला होता, तोच मी उचलला. चुकून दुसऱ्या कोणी घेऊ नये म्हणून. हातात घेतला आणि आजोबा आठवले. त्यांच्या गावी आमच्या जातीसाठी हॉटेलाबाहेर खुंटीला वेगळा कप टांगलेला असे. चहा प्यायचा आणि आपणच विसळून ठेवायचा. ख्रिस्ती झाल्यावर पहिल्या प्रभुभोजनाला, म्हणजे सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीला, आजोबा ढसाढसा रडले होते. मला सांगायचे, "पोरी, तिथं समद्यांच्या ओठाला एकच प्याला."

आणि त्यांच्याच नातीच्या हाती पुन्हा वेगळा कप आला होता.

स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं तेव्हा नवं इंजेक्शन. त्यानं कानांत गुणगुण होई, चालताना तोल जाई. थुंकी तपासायला द्यायची, बाकावर वाट बघायची आणि ऐकायचं, "अभी है।" प्रार्थनेला गुडघे टेकले की खोकल्याची उबळ येई. देव गप्पच. मी त्याच्यावर चिडले होते, सरळ सांगते.

देवळात जाणं मी सोडलं. आमचं ख्रिस्ती लोकांचं देऊळ म्हणजे कामगारांच्या चाळीतली एक मोठी खोली. मंडळीतल्या वयस्क सोनाबाई एकदा घरी आल्या.

"सलाम, शांता. येत का नाहीस गं?"

मी तो कप त्यांच्यापुढे ठेवला. "मला यातूनच प्यायचं आहे, काकू. तिथं येऊन नुसती बघत बसू?"

त्यांनी त्या कपाकडे पाहिलं. पदर सावरून निघून गेल्या. मला वाटलं, घाबरली म्हातारी.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी यांनी हट्टच धरला. "दाराशी बस, पण चल." कप मी पिशवीत लपवून नेला. दाराशी बसले आणि पुढे पाहिलं, तर एरवी एकच प्याला फिरे तिथं प्रत्येकाच्या पुढ्यात आपापलं भांडं होतं. कुणाचा पितळी पेला, कुणाचा बशी फुटलेला कप, कुणाचा काचेचा ग्लास. पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, हातातही घरचा जर्मलचा, अ‍ॅल्युमिनियमचा पेला. सोनाबाईंनी आपला कप काढला. त्यालाही कान नव्हता.

"अशी काय बघतेस? घरात दुसरा हाय कुठं?" त्या म्हणाल्या.

पाळकसाहेब मोठ्या प्याल्यातून प्रत्येकाला द्राक्षरस ओतत माझ्यापर्यंत आले. माझ्या कपातही तेवढाच ओतला. मी प्यायले आणि आजोबांसारखीच रडले.

त्या दिवशी मी बरी झाले नाही. पुढची तपासणीही वाईटच आली आणि लेक आणखी एक पावसाळा नगरलाच राहिली. रडायचे, चिडायचे, ते चालूच होतं. पण देव गप्प आहे असं मात्र मला पुन्हा म्हणवलं नाही.

आज रोग गेला आहे, लेक जवळ आहे. तुमच्या घरी कोणाचं भांडं वेगळं काढायची वेळ आली, तर काढा. डॉक्टर सांगतात ते खरं असतं. फक्त त्याच दिवशी आपलंही वेगळं काढा आणि त्याच्यासमोर बसून प्या.