तांदळातलं नाव आणि टॅक्सचा फॉर्म

ओहायोतल्या डब्लिनमध्ये नव्यानं आलेल्या मराठी जोडप्याचं लग्न दोनदा लागतं. एकदा भारतात भटजींसमोर आणि दुसऱ्यांदा टॅक्सच्या मोसमात, आमच्या शेजारच्या काकूंच्या डायनिंग टेबलापाशी. खरं सांगते, दुसरं जास्त पक्कं असतं. इथल्या लायब्ररीच्या काउंटरवर बावीस वर्षं काढून काकू रिटायर झाल्या, त्यांचा धाक मात्र काही रिटायर झाला नाही. नव्यानं आलेल्यांचे टॅक्सचे फॉर्म त्या भरून देतात आणि फी विचारलेली त्यांना खपत नाही. पण नवरा-बायको दोघांनी यायचं, जेवून यायचं आणि टेबलाच्या दोन टोकांना बसायचं. सही होईपर्यंत चहा नाही, कारण एका जोडप्यानं तो फॉर्मवर सांडला होता म्हणे. फॉर्मची ओळन् ओळ सत्यनारायणाच्या कथेसारखी मोठ्यानं वाचली जाते, मध्ये उठायची सोय नाही. बायकोला विचारलेल्या प्रश्नाला नवऱ्यानं उत्तर दिलं की काकू पेनाला टोपण लावतात. एका बिचाऱ्या इंजिनिअरनं तीनदा दिलं, तर त्याला ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला पाठवलं. तो आत येईपर्यंत त्याच्या बायकोनं सगळं घडाघडा सांगून टाकलं होतं.

आम्ही ऑगस्टमध्ये आलो. नाशिकच्या कॉलेजातली फिजिक्सची नोकरी सोडून मी नवऱ्याबरोबर आले, आणि इथे घराचा करार त्याच्या नावावर, बँक त्याची, फोनसुद्धा त्याच्या प्लॅनवर. अख्ख्या अमेरिकेत माझ्या नावाचा कागद म्हणाल तर एक नाही. वरवर मी हसण्यावारी नेत होते, पण ते मनाला फार लागत होतं.

"काकू, हिचं काही नाही, ही डिपेंडंट व्हिसावर आहे," आम्ही टेबलाच्या दोन टोकांना बसल्या बसल्या नवरा म्हणाला. टोपण लागलं. काकू माझ्याकडे वळल्या. "जुलैपर्यंत काय करत होतीस?"

मी नोकरी सांगितली, पगार सांगितला, वर "डॉलरमध्ये अगदीच थोडा होतो हो" असं पुटपुटले.

"एकत्र फॉर्म भरायचा तर दोघांची अख्ख्या वर्षाची कमाई दाखवावी लागते, भारतातलीसुद्धा. थोडी का असेना, तुझी आहे ना? मग लिही."

नवऱ्यानं घरूनच भरून आणलेल्या फॉर्मवर माझ्या व्यवसायापुढे 'होममेकर' होतं. आणि नाव? लग्नात त्यानं ताटातल्या तांदळात बोटानं लिहिलं होतं, तेच त्यानं हौसेनं इथे उतरवलं होतं. मधे तो, शेवटी त्याचं आडनाव. काकूंनी माझा पासपोर्ट उघडला. तिथे मधे अजून माझे बाबाच होते.

"तांदळातलं नाव टॅक्सवाल्यांना चालत नाही रे बाबा. फॉर्मबरोबर हिच्या टॅक्स नंबरचा अर्ज जातो, तो परत आला असता आणि हिला नंबर मिळाला नसता."

नवऱ्याचे कान लाल झाले. त्यानं कोरा फॉर्म घेतला आणि माझ्यापुढे सरकवला. मी माझं नाव लिहिलं, व्यवसायापुढे 'प्राध्यापक' लिहिलं, आणि त्याच्या सहीशेजारी सही केली.

तीन महिन्यांनी टपालानं माझा टॅक्स नंबर आला. लिफाफ्यावर फक्त माझं नाव होतं. मी तशीच अनवाणी काकूंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून पत्र सावकाश, मोठ्यानं वाचलं.

"आमचे हे बोट ठेवतील तिथे मी अकरा वर्षं सही केली," त्या म्हणाल्या. "हे अचानक गेले. सगळ्या कागदांवर सही माझी, आणि वर काय लिहिलंय ते शेजारीण मला समजावून सांगत होती."

तोवर मला काकूंची नुसती गंमत वाटायची. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला. त्यांनी पत्राची घडी घातली आणि ते माझ्या हातात दिलं.

"तुझ्याकडेच ठेव," त्या म्हणाल्या. "त्याच्या फाइलमध्ये लावू नकोस."