वैकुंठ की कैलास

आमच्या कॉलेजसमोर बॅनर छापणारे एक गृहस्थ आहेत. निधनाचे बॅनर ते सगळ्यांसाठी छापतात. कुणाला वैकुंठात, कुणाला जन्नतमध्ये, कुणाला प्रभूच्या घरी पाठवतात आणि प्रत्येकाला एवढंच म्हणतात, "पत्ता तुम्ही द्या, शुद्धलेखन मी बघतो."

आजोबांच्या तेराव्याचा बॅनर सांगायला मी गेले. थोरल्या काकांना 'कैलासवासी' हवं होतं, धाकट्यांना 'वैकुंठवासी', आणि त्यावरून दोघांनी अबोला धरला होता. हे मी चाचरतच सांगितलं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगो, आजोबा करायचे काय?"

"खाडीत जाळं टाकायचे. रोज."

"मग बर्फात काय करतील? लाव फोन थोरल्यांना."

फोन स्पीकरवर टाकून ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "भाऊ, विष्णू समुद्रात राहतो. तिथे मासे मिळतील."

मला हसू फुटलं आणि भीतीही वाटली. पलीकडे थोरले काका हसले, आजोबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"छापा वैकुंठवासी," ते म्हणाले. "पण धाकट्याला मीच सांगतो, मी माशांसाठी कबूल झालो, त्याच्यासाठी नाही."