बेसिंगस्टोकची पेटी

पेटीकाका पेटी विकतानाच गिऱ्हाइकाला विचारायचे, "परत कधी आणताय?" समोरचे आईबाप हिरमुसायचे. आम्हीही हिरमुसलो होतो. हौसेनं पोरीला शिकवायला निघालो आणि हा म्हातारा आधीच नाट लावतोय! पण काका परत घ्यायच्या बोलीवरच पेटी द्यायचे. माळ्यावर टाकू नका, कंटाळा आला की फोन करा, एवढी एकच अट.

वेम्बलीत एका किराणा दुकानाच्या वर ते एकटे राहायचे. पोस्टातून रिटायर झालेले, बायको गेलेली, मुलगा कॅनडात. विकायला एकच शिकाऊ पेटी, तांबडी, आणि तीच पुन्हा पुन्हा विकायची. प्रत्येक पोर तिच्या पट्ट्यांवर सारेगमचे स्टिकर चिकटवायचं आणि पेटी परत आली की काका ओलं फडकं घेऊन ते काढत बसायचे. आमच्या रेवानं तर फुलपाखरं चिकटवली होती. वर्ष व्हायच्या आत तिनं जाहीर केलं, "काका, मला आता नेटबॉल आहे." काका म्हणाले, बरं झालं सांगितलंस. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यांच्या खिडकीशी दुसरी पेटी असायची. मोठी, काळीभोर, मुंबईहून आणलेली. तरुणपणी ते तिच्यावर साथ करायचे. ती विकायची नव्हती. तांबडी ज्या घरातून परत येणार नाही, त्या घरच्या पोराला ही द्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तेवढ्या एका आशेवर माणूस दिवस काढत होता.

मग बेसिंगस्टोकला एका घरी मुलीसाठी गेलेली तांबडी दोन वर्षं झाली तरी परत येईना. काका पार बदलले. महाराष्ट्र मंडळात भेटेल त्याला सांगायचे, "बेसिंगस्टोकची अजून आली नाही बरं का!" मी म्हटलं, फोन करून विचारा की. तर म्हणाले, "नको. विचारलं की लोकांना आठवण होते."

त्या वर्षी बेसिंगस्टोकहून गणपतीचं बोलावणं आलं. काकांनी मोठ्या पेटीचा भाता नीट केला, तिला नवी खोळ शिवून घेतली आणि माझ्या गाडीच्या डिकीत ठेवायला लावली. मोटरवेवर माणूस चक्क गुणगुणत होता. त्या पोरीला आधी काय वाजवायला सांगायचं, हेही त्यांचं ठरलेलं होतं.

हॉलमध्ये गणपती छान सजवला होता. मखराखाली जरीचं कापड घातलेलं चौरंगासारखं काहीतरी, आणि कापडाच्या कडेनं पत्रा लावलेला एक तांबडा कोपरा दिसत होता. मला कळायच्या आधी काकांना कळलं. घरच्या वहिनी कौतुकानं म्हणाल्या, "काका, तुमची पेटी किती उपयोगी पडली बघा. दोन्ही वर्षं तिच्यावरच बसवलाय. अगदी बरोब्बर उंची." त्यांची मुलगी वर तिच्या खोलीत होती. आरतीला खाली आली, टाळ्या वाजवल्या आणि परत गेली.

मला असा संताप आला होता की प्रसादाचा मोदक मी तसाच ताटलीत ठेवून दिला. काकांनी मात्र वाकून नमस्कार केला. निघताना वहिनींना आपणहून आठवलं. म्हणाल्या, विसर्जन झालं की पेटी परत पाठवते, नाहीतरी कोणी वाजवत नाही. इतकी वर्षं पेटी परत घेत आलेला माणूस चपला घालता घालता म्हणाला, "राहू द्या. पुढच्या वर्षी गणपतीला लागेल."

वेम्बलीला पोचल्यावर मी डिकी उघडायला गेले, तर त्यांनी हात धरला. "ती आता वर नको. तुझ्याकडे असू दे."

"काका, आमच्याकडे कोण वाजवणार?"

"माहीत आहे गं," ते म्हणाले आणि जिना चढून गेले.

त्याच हिवाळ्यात काका गेले. मोठी पेटी आमच्या जिन्याखालच्या कोनाड्यात आहे. रेवा युनिव्हर्सिटीला गेली, मला 'सा'सुद्धा लावता येत नाही. घरात जागेची मारामार आहे, बॅगा, खोकी, सगळं एकमेकांवर रचलेलं. पण तिच्यावर मी काही ठेवत नाही, कोणाला ठेवू देत नाही. काकांसाठी करण्यासारखं तेवढंच उरलंय.