दुसरा चमचा

नाश्त्याच्या त्या कारखान्यात चवकाकांच्या जिभेला मान होता. मक्याच्या, गव्हाच्या, ओट्सच्या पाकळ्या तिथे भाजून परदेशी जात, आणि काकांनी ‘हं’ म्हटल्याशिवाय एक खोकं दाराबाहेर पडत नसे. सव्वीस वर्षं हेच. जगात माणसं सकाळी उठून काय काय खातात, हे काकांनी एकही देश न बघता जिभेवर बघितलं होतं. टेबलावर ओळीने वाडगे मांडलेले असत. एका देशासाठी कढत दूध, दुसऱ्यासाठी बर्फगार, तिसऱ्यासाठी दही, चौथ्यासाठी नुसतं गरम पाणी आणि मीठ. एका देशातली माणसं तर सगळं आदल्या दिवशीच भिजत घालून सकाळी लगदा खात. “दात नसतील बिचाऱ्यांना,” काका म्हणत, आणि तरी त्यांचाही वाडगा आठवणीने भिजत घालून घरी जात.

गेल्या वर्षी त्यांना ताप आला. आठवड्याने गेला, पण जाताना वास आणि चव घेऊन गेला. गोड-खारट तेवढं कळे. जुनं तेल, करपलेला दाणा, खवट ओट्स, सगळं सारखंच. ओला पुठ्ठा चावल्यासारखं. काकांनी हे बायकोलासुद्धा सांगितलं नाही. तिने वाढलेलं रोज “छान झालंय” म्हणत गिळत राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, आणि जीभच नसली तर चवकाका म्हणजे कोण, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांना वाचवलं चिमणीने, तेही तिच्या नकळत. चिमणी म्हणजे त्यांच्या हाताखालची चाखणारी. चोचीएवढा घास घेई म्हणून हे नाव काकांनीच ठेवलेलं. दोघांनी मध्ये लाकडी पडदा ठेवून चाखायचं आणि न बोलता आपापल्या कागदावर लिहायचं, असा नियम होता. पण चमच्याचा आवाज काही पडद्याला थांबत नाही. माल चांगला असला की चिमणी दुसरा चमचा घेई. बिघडलेला असला की पहिल्यालाच चूळ भरे. काका कान लावून बसत, आणि चमचा दुसऱ्यांदा वाजला की ऐटीत ‘उत्तम’ लिहीत. जिला बोट धरून शिकवलं, तिचीच चोरून नक्कल! लाज वाटे. पण माणसाला लाजेचीही सवय होते.

मग तो ओट्सचा माल आला, गरम पाणी-मिठाच्या देशासाठीचा. पडद्याआड चमचा वाजला. पुन्हा वाजला. काकांनी ‘उत्तम’ लिहिलं. चिमणीने लिहिलं होतं ‘खवट’. पहिल्या घासाला शंका आली म्हणून बिचारीने खात्रीसाठी दुसरा घेतला होता.

दोघांचं जुळलं नाही तर थोरल्याचं खरं, असा तिथला रिवाज. साहेब चिमणीवर कडाडले, “एवढा माल अडवायला निघालीस? काकांची जीभ खोटी का?” काका खाली मान घालून वाडगे विसळत राहिले. एका वाक्याचं काम होतं, ते त्यांच्याने झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून चिमणी खालच्या मजल्यावर खोक्यांना चिकटपट्ट्या लावू लागली.

दीड महिन्याने माल परत आला. तिकडच्या मुलांनी तोंडात घातला आणि थुंकून टाकला, असं पत्रात लिहिलं होतं. साहेब स्वतः काकांकडे आले. आता पाप उघडं पडणार, म्हणून काका उठून उभे राहिले. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “जहाजात ओल लागली असणार, काका. तुमच्या जिभेवर मी शंका घेईन होय?” त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं काकांना झालं.

जेवणाच्या सुट्टीत ते खाली गेले. चिमणी खोक्यांच्या आडोशाला बसली होती. समोर कागदाच्या दोन पुड्या होत्या, एकीत ताजे ओट्स, एकीत जुने. डोळे मिटून ती एकेक दाणा चाखत होती. काकांना बघून गडबडीने उठली.

“रोज सराव करते, काका. पण मला अजूनही जुनेच खवट लागतात, आणि त्या दिवशीचे अगदी तसेच लागले होते. माझ्या जिभेचं काय बिघडलंय, सांगा ना? घरी आता भाजीत मीठसुद्धा नवऱ्याला विचारून घालते.”

काका मेल्याहून मेल्यासारखे झाले. आपली खोटी इभ्रत राखायला त्यांनी एक धडधाकट जीभ नासवायला घेतली होती.

“तुझं काही बिघडलेलं नाही,” ते म्हणाले. “माझी चव गेलीय. गेल्या वर्षीच्या तापापासून. तुझा चमचा ऐकून लिहीत होतो मी.”

पट्ट्या लावणाऱ्या दोघीतिघी हातातलं काम थांबवून बघू लागल्या. त्यांनी ऐकलं ते बरंच झालं. नाहीतर काकांनी जिन्यापर्यंत जाऊन शब्द फिरवला असता.

चिमणीने दोन्ही पुड्या नीट दुमडल्या.

“मला नुसतं विचारायचं होतं ना,” ती म्हणाली. “मी सांगितलं असतं. कुणाला कळूही दिलं नसतं.”

काकांना तोंड लपवायला जागा उरली नाही. आपल्याला दोन्ही सारखेच लागतात हे साहेबांना दाखवायला म्हणून त्यांनी त्या पुड्या उचलल्या आणि ते जिना चढू लागले. चार पायऱ्या झाल्या असतील, तोच मागून चिमणीने हळूच हाक मारली.

“काका, खवट उजव्या हातात आहे.”